विश्लेषण : पाण्यातून हायड्रोजन काढण्याच्या आजच्या शर्यतीची भाषा लिहिणारे बर्झेलियस कोण होते?

केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानाला मंजुरी दिली. तरतूद १९,७४४ कोटी रुपयांची आणि लक्ष्य २०३० पर्यंत वर्षाला किमान ५० लाख टन हायड्रोजनचे. पाण्यातून वीज सोडायची आणि हायड्रोजन वेगळा करायचा, इतकी ही कल्पना सोपी आहे. अडते ते उत्प्रेरकापाशी. आज वापरात असलेले काही उत्तम उत्प्रेरक प्लॅटिनम आणि इरिडियमसारख्या दुर्मीळ धातूंचे आहेत. म्हणून जगभरच्या प्रयोगशाळा धातू ऑक्साइडच्या क्लस्टरकडे, म्हणजे धातू आणि ऑक्सिजनच्या अणूंच्या नेमक्या मापाच्या पुंजक्यांकडे वळल्या आहेत.

या गोष्टीतल्या तीन महत्त्वाच्या बाबी एकाच माणसापर्यंत जाऊन पोहोचतात. उत्प्रेरणाला कॅटॅलिसिस हे नाव त्यांनी दिले. अशा क्लस्टरचे पहिले संयुग त्यांच्या प्रयोगशाळेत तयार झाले. आणि हायड्रोजनसाठी एच, ऑक्सिजनसाठी ओ लिहिण्याची पद्धतही त्यांचीच. ते होते स्वीडनचे रसायनशास्त्रज्ञ यन्स याकोब बर्झेलियस. त्यांचे आयुष्य आणि आजच्या हायड्रोजनशी असलेले त्याचे नाते समजून घेऊ.

अक्कलकुव्याच्या वर्गाशी त्यांचा काय संबंध?

नंदुरबार जिल्ह्यात अक्कलकुवा किंवा मोलगीच्या शाळेत विज्ञानाच्या तासाला फळ्यावर पाण्याचे सूत्र लिहिले जाते. ते सूत्र मराठी माध्यमात, गुजराती माध्यमात आणि जपानमध्येही सारखेच असते. बर्झेलियस यांच्याआधी तसे नव्हते. इंग्लंडचे जॉन डाल्टन अणूंसाठी वर्तुळे काढत. कुठे मध्ये ठिपका, कुठे रेघ, कुठे पूर्ण काळे वर्तुळ. छापखान्याला त्याचे खिळे वेगळे पाडावे लागत आणि विद्यार्थ्याला चित्रे पाठ करावी लागत.

बर्झेलियस यांनी १८१३-१४ मध्ये सुचवले की मूलद्रव्याच्या लॅटिन नावाचे पहिले अक्षर घ्या, दोन नावे एकाच अक्षराची असतील तर दुसरे अक्षर जोडा आणि अणूंची संख्या आकड्याने दाखवा. ते आकडा अक्षराच्या वर लिहीत. पुढे तो खाली आला, एवढाच फरक. सोन्याला एयू आणि लोखंडाला एफई का म्हणायचे, हा दहावीच्या विद्यार्थ्यांना पडणारा प्रश्न त्यामुळेच आहे. ही अक्षरे ऑरम आणि फेरम या लॅटिन नावांची आहेत.

त्यांचे बालपण कसे होते?

बर्झेलियस यांचा जन्म २० ऑगस्ट १७७९ रोजी दक्षिण स्वीडनमधल्या वॅव्हरसुंडा या खेड्यात झाला. वडील शिक्षक होते. मुलगा चार वर्षांचा असतानाच ते गेले. आईने एका धर्मगुरूशी दुसरे लग्न केले, पण काही वर्षांत तीही गेली. सावत्र वडिलांनी पुन्हा संसार मांडला आणि यन्सची रवानगी मामाकडे झाली. मामाच्या घरात आधीच मुले बरीच होती. तिथे त्याचे फारसे कोणाशी पटले नाही.

पुढचे शिक्षण त्यांनी शिकवण्या करत पूर्ण केले. १७९६ मध्ये ते उपसाला विद्यापीठात वैद्यकशास्त्रासाठी दाखल झाले. तिथली रसायनशास्त्राची प्रयोगशाळा विद्यार्थ्यांना हवी तेव्हा उघडी नसे. बर्झेलियस राहत्या खोलीत आणि मागच्या दाराने प्रयोगशाळेत शिरून प्रयोग करत राहिले. त्यांना घडवणारे पुस्तक होते ते लाव्हाझिए यांच्या नव्या रसायनशास्त्राची ओळख करून देणारे. जळणे म्हणजे पदार्थातून काही बाहेर पडणे नव्हे, तर ऑक्सिजनशी संयोग, हा विचार तेव्हा नवा होता. ऑक्सिजन हा सगळ्या रसायनशास्त्राचा कणा आहे, ही धारणा त्यांच्या मनात पक्की बसली ती इथेच. तिचा त्यांना फायदाही झाला आणि पुढे फटकाही बसला.

विजेकडे ते कसे वळले?

१८०० मध्ये इटलीच्या अलेस्सांद्रो व्होल्टा यांनी पहिली विद्युत घटमाला तयार केल्याची बातमी युरोपभर पसरली. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये निकोल्सन आणि कार्लाइल यांनी तिच्या मदतीने पाण्याचे विघटन करून दाखवले. एका तारेपाशी हायड्रोजनचे बुडबुडे, दुसरीकडे ऑक्सिजन. आज ज्याला आपण इलेक्ट्रोलायझर म्हणतो, त्याची ही पहिली आवृत्ती.

तरुण बर्झेलियस यांच्याकडे महागडी उपकरणे नव्हती. त्यांनी जस्ताच्या चकत्या आणि तांब्याची नाणी एकावर एक रचून स्वतःची घटमाला बनवली. १८०२ च्या वैद्यकीय प्रबंधासाठी त्यांनी रुग्णांवर विजेचा काय परिणाम होतो ते तपासले. अपेक्षित गुण मात्र दिसला नाही. डॉक्टर म्हणून हा प्रयोग फसला, पण वीज पदार्थांना कशी तोडते याची गोडी लागली.

स्टॉकहोममध्ये ते बिनपगारी सहायक म्हणून राहू लागले. ज्या घरात राहत ते विल्हेल्म हिसिंगर या खाणमालकाचे होते. हिसिंगर यांना खनिजांची आवड होती आणि घटमाला बांधायला लागणारा पैसाही त्यांच्याकडे होता. दोघांनी मिळून क्षारांच्या द्रावणांतून वीज सोडली आणि १८०३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला. ऑक्सिजन आणि आम्ले धन टोकाकडे जातात, हायड्रोजन, धातू आणि आम्लारी ऋण टोकाकडे. हायड्रोजन प्रकल्पात गॅसची नळी कोणत्या बाजूला जोडायची, याचे उत्तर आजही हेच आहे.

त्याच सुमारास या जोडीने हिसिंगर यांच्या खाणीतल्या एका जड दगडातून नवे धातू ऑक्साइड वेगळे केले. १८०१ मध्ये सापडलेल्या सेरेस या लघुग्रहावरून त्यातल्या धातूला त्यांनी सेरियम नाव दिले. जर्मनीत क्लाप्रोट यांनाही ते स्वतंत्रपणे सापडले होते. आज सेरियम ऑक्साइड गाड्यांच्या धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या उत्प्रेरक नळकांड्यात असते. पाण्यापासून हायड्रोजन काढण्याच्या एका वेगळ्या पद्धतीतही ते वापरून पाहिले जाते. आरशांनी एकवटलेल्या उन्हात हे ऑक्साइड सुमारे दीड हजार अंश सेल्सिअसपर्यंत तापवले की ते थोडा ऑक्सिजन सोडते. मग त्यावरून वाफ सोडली की ते वाफेतला ऑक्सिजन परत घेते आणि हायड्रोजन मोकळा होतो.

दोन हजार संयुगे आणि एक स्वयंपाकघर

१८०७ मध्ये बर्झेलियस प्राध्यापक झाले. त्याआधी आणि त्यासुमारास कृत्रिम खनिज पाणी, व्हिनेगर अशा धंद्यांत त्यांनी हात घातला होता. ते बुडाले आणि कर्ज फेडण्यात कित्येक वर्षे गेली. १८०८ मध्ये त्यांच्या पाठ्यपुस्तकाचा पहिला खंड आला. ते लिहिताना त्यांना कळले की पदार्थ ठरावीक प्रमाणातच संयोग पावतात हे सगळे सांगतात, पण ते दाखवणारी विश्वासार्ह आकडेवारी कोणाकडेच नाही.

मग त्यांनी ती स्वतः गोळा करायला घेतली. पुढच्या सुमारे दहा वर्षांत त्यांनी जवळजवळ दोन हजार संयुगांचे विश्लेषण केले. प्रयोगशाळा म्हणजे स्वयंपाकघराला लागून असलेल्या साध्या खोल्या. चुलीजवळच वाळूची शेगडी, टेबलावर तराजू. वितळवायचे, गाळायचे, वाळवायचे, तोलायचे आणि पुन्हा तेच. गाळणीचा कागद चांगला हवा, भांडे स्वच्छ हवे, तराजू खरा हवा, यावर त्यांचा कटाक्ष होता. त्यांनी १८१४, १८१८ आणि १८२६ मध्ये प्रसिद्ध केलेले अणुभारांचे तक्ते पाहून आजचा विद्यार्थीही चकित होईल. काही धातूंचे आकडे दुप्पट आले होते, पण बहुतेक आजच्या मूल्यांच्या अगदी जवळ होते.

या कामात त्यांच्या घरी काम करणाऱ्या आना सुंडस्ट्रॉम यांचा मोठा वाटा होता. १८०८ पासून त्या घर सांभाळत आणि प्रयोगशाळाही. कोणत्या भांड्यात काय होते, कोणता पदार्थ कसा धुवायचा, हे त्यांना तोंडपाठ असे. शिकायला येणारे विद्यार्थीही त्यांना वचकून असत. स्वीडनमध्ये त्यांची आठवण देशातली पहिली महिला रसायनतज्ज्ञ म्हणून काढली जाते. त्यांच्या नावावर एकही निबंध नाही. बर्झेलियस यांच्या लग्नानंतर त्यांचे तिथले काम संपले.

त्या घरातून निघालेल्या मूलद्रव्यांची यादी मोठी आहे.

• सेलेनियम : १८१७ मध्ये ग्रिप्सहोमच्या गंधकाम्ल कारखान्यातल्या लालसर गाळात सापडले.
• लिथियम : १८१७ मध्ये त्यांचे विद्यार्थी योहान ऑगस्ट आर्फवेडसन यांना एका खनिजात आढळले. मोबाइलची बॅटरी ज्या मूलद्रव्यावर चालते ते हेच.
• सिलिकॉन : १८२३-२४ मध्ये बर्झेलियस यांनी मूलद्रव्य म्हणून वेगळे केले. मोबाइलमधल्या चिप आणि घरावरचे सौर पॅनेल यांचा तो पाया आहे.
• थोरियम : १८२८-२९ मध्ये नॉर्वेतून आलेल्या खनिजातून मिळाले. भारताच्या अणुऊर्जा कार्यक्रमाचा दूरचा टप्पा केरळच्या किनाऱ्यावरील वाळूत सापडणाऱ्या थोरियमवर आखलेला आहे.

१८२६ चा पिवळा अवक्षेप महत्त्वाचा का?

बारावी किंवा बीएस्सीला रसायनशास्त्र घेतलेल्यांनी फॉस्फेटची चाचणी केलेली असते. नायट्रिक आम्ल घालायचे, अमोनियम मॉलिब्डेट घालायचे, किंचित तापवायचे. परीक्षानळीत गर्द पिवळा अवक्षेप दिसला की वहीत फॉस्फेट आहे असे लिहायचे. हा पिवळा पदार्थ, अमोनियम फॉस्फोमॉलिब्डेट, बर्झेलियस यांनी १८२६ मध्ये नोंदवला.

त्याच्या आत काय आहे हे त्यांना कळणे शक्य नव्हते. तेव्हा क्ष-किरणही सापडले नव्हते. शंभराहून अधिक वर्षांनी, १९३३ मध्ये मँचेस्टर येथे जेम्स केगिन यांनी याच कुटुंबातल्या टंगस्टनच्या संयुगाची रचना क्ष-किरणांनी उलगडली. मधोमध फॉस्फरसचा एक अणू, भोवती धातूचे १२ आणि ऑक्सिजनचे ४० अणू, आणि हे सगळे सुमारे एक नॅनोमीटरच्या गोळ्यात बसलेले. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग.

अशा संयुगांना पॉलिऑक्सोमेटॅलेट म्हणतात. धातू ऑक्साइड क्लस्टरचा हा सर्वांत चांगला अभ्यासलेला प्रकार. दगडासारख्या घन ऑक्साइडमध्ये कोट्यवधी अणू असतात आणि त्यातले फक्त पृष्ठभागावरचे कामाला येतात. क्लस्टर मात्र पाण्यात विरघळू शकतो, त्यातला प्रत्येक अणू मोजता येतो आणि एक धातू काढून दुसरा बसवताही येतो. शिवाय तो इलेक्ट्रॉन घेतो, देतो आणि तरी मोडत नाही. पाणी तोडण्यासाठी नेमका हाच गुण लागतो.

कॅटॅलिसिस हा शब्द कसा आला?

१८१८ पासून बर्झेलियस रॉयल स्वीडिश अकादमीचे सचिव होते. जगभरात वर्षभरात रसायनशास्त्रात काय घडले याचा आढावा ते १८२० च्या दशकापासून दरवर्षी लिहीत. अनेक देशांतले निबंध वाचायचे, त्यातले खरे-खोटे निवडायचे आणि एकत्र मांडायचे, असे हे काम होते. १८३५ च्या आढाव्यात त्यांना एक गोष्ट जाणवली.

किर्खहॉफ यांनी पिठातल्या स्टार्चला आम्लाबरोबर उकळून साखर केली होती आणि आम्ल जसेच्या तसे उरले होते. थेनार यांनी दाखवले होते की धातूंच्या नुसत्या सान्निध्यात हायड्रोजन पेरॉक्साइड फुटते. हम्फ्री डेव्ही यांना प्लॅटिनमच्या तारेवर वायू ज्योतीविना जळताना दिसले होते. जर्मनीच्या डोबरायनर यांनी तर प्लॅटिनमवर हायड्रोजनचा झोत सोडून पेटणारा दिवा बनवला होता आणि तो लोक घरात वापरत होते. फळांच्या रसापासून मद्य बनतानाही यीस्ट स्वतः त्यात मिसळून संपत नव्हते.

हे सगळे वेगवेगळ्या लोकांचे वेगवेगळे शोध होते. बर्झेलियस यांनी ओळखले की घटना एकच आहे. एक पदार्थ नुसता हजर राहून दुसऱ्यांमध्ये बदल घडवतो आणि स्वतः शिल्लक राहतो. ग्रीक भाषेतून त्यांनी शब्द घेतला, कॅटॅलिसिस. सजीवांच्या शरीरातही अशा हजारो क्रिया चालत असाव्यात, असा अंदाजही त्यांनी बांधला. सातपुड्यात मोहाची फुले आंबतात तेव्हा जे घडते, त्याचे स्पष्टीकरण याच वाटेने पुढे मिळाले. मात्र त्याला वेळ लागला. लीबिग यांना हा शब्द म्हणजे अज्ञानाला दिलेले नाव वाटले. पाश्चर यांनी यीस्ट सजीव असल्यावर भर दिला. १८९७ मध्ये बुखनर यांनी यीस्टच्या पेशी फोडून नुसत्या रसाने साखर आंबवली, तेव्हा सजीवांतल्या उत्प्रेरकांचा, म्हणजे विकरांचा, पक्का पुरावा मिळाला.

आयसोमर, पॉलिमर आणि अॅलोट्रॉपी हे शब्दही बर्झेलियस यांचेच. प्रोटीन हे नाव त्यांनी १८३८ मध्ये डच रसायनतज्ज्ञ मुल्डर यांना सुचवले.

उत्प्रेरक नेमके करतो काय?

अक्कलकुव्याहून मोलगीला जाताना देवगोई घाट चढावा लागतो. घाट सरळ केला, वळणे कमी केली, तरी दोन्ही गावांच्या उंचीतला फरक बदलत नाही. वाचतो तो वाटेतला जादा चढ-उतार आणि त्यासाठी लागणारे डिझेल. उत्प्रेरक हेच करतो.

पाणी तोडायला किमान १.२३ व्होल्ट लागतात. हा दोन गावांच्या उंचीतला फरक. कोणताही उत्प्रेरक तो कमी करू शकत नाही. प्रत्यक्षात मात्र १.८ ते २ व्होल्टपर्यंत जावे लागते. हा वरचा भाग म्हणजे वाटेतला जादा चढ. एक किलो हायड्रोजनसाठी आदर्श स्थितीत सुमारे ३९ युनिट वीज पुरायला हवी, प्रत्यक्षात ५० ते ५५ युनिट जाते.

जास्त त्रास ऑक्सिजनच्या बाजूला असतो. हायड्रोजनचा एक रेणू बनायला दोन इलेक्ट्रॉन लागतात. ऑक्सिजनचा रेणू सुटायला पाण्याच्या दोन रेणूंतून चार इलेक्ट्रॉन आणि चार प्रोटॉन एकापाठोपाठ काढावे लागतात. मध्येच गाडी अडली तर ऊर्जा वाया जाते आणि उत्प्रेरकही झिजतो. या बाजूला टिकणारा धातू म्हणजे इरिडियम. त्याचे जगातले वर्षाचे उत्पादन जेमतेम सात-आठ टन आहे. निकेलवर चालणारे स्वस्त इलेक्ट्रोलायझर आहेत, पण सौर आणि पवन ऊर्जेच्या सततच्या चढ-उताराशी जुळवून घेणे त्यांना कठीण जाते.

बर्झेलियस कुठे चुकले?

१८०३ च्या विजेच्या प्रयोगांवरून त्यांनी एक मोठा सिद्धांत उभा केला. प्रत्येक अणूत धन किंवा ऋण भार वरचढ असतो आणि विरुद्ध भारांच्या ओढीनेच संयुगे बनतात, असे त्यांचे म्हणणे होते. क्षार आणि खनिजांना हा नियम चपखल लागू पडला.

पण त्यातून एक अडचण निघाली. दोन सारखे अणू एकमेकांना चिकटूच शकत नाहीत, कारण त्यांचा भार सारखा. म्हणजे हायड्रोजनचे दोन अणू मिळून एक रेणू होणे अशक्य. अवोगाद्रो यांनी १८११ मध्ये नेमके हेच सुचवले होते. त्या काळी बर्झेलियस यांचे मत म्हणजे रसायनशास्त्राचा निकाल मानला जाई. अवोगाद्रो यांची कल्पना जवळजवळ अर्धे शतक अडगळीत पडली. १८६० मध्ये कार्ल्सरुहच्या परिषदेत कॅनिझारो यांनी ती पुन्हा मांडली, तेव्हा बर्झेलियस जाऊन १२ वर्षे झाली होती. आज हायड्रोजनच्या बाजूचा उत्प्रेरक शोधणे म्हणजे हायड्रोजनच्या दोन अणूंची जोडी पृष्ठभागावर पटकन कशी जमेल आणि सुटेल, हे शोधणे. हायड्रोजनला अक्षर देणाऱ्या माणसाने ही जोडी मानली नव्हती.

क्लोरीनबाबतही तसेच झाले. डेव्ही यांनी ते मूलद्रव्य असल्याचे सांगितल्यावरही बर्झेलियस बरीच वर्षे त्यात ऑक्सिजन शोधत राहिले. शेवटी पुरावा मान्य केल्यावर, या वायूला यापुढे क्लोरीनच म्हणायचे, असे त्यांनी आना सुंडस्ट्रॉम यांनाही बजावल्याची गोष्ट प्रसिद्ध आहे. पण १८३० च्या दशकात फ्रान्सच्या ड्युमा यांनी दाखवले की सेंद्रिय संयुगात धन हायड्रोजनच्या जागी ऋण क्लोरीन बसतो आणि पदार्थाचा स्वभाव फारसा बदलत नाही, तेव्हा मात्र ते नमले नाहीत. जुन्या सिद्धांताला ठिगळे लावत राहिले. लीबिग यांच्याशी असलेली मैत्रीही तुटली.

शेवटची वर्षे कशी गेली?

१८३५ मध्ये, कॅटॅलिसिसचा आढावा लिहिला त्याच वर्षी, ५६ व्या वर्षी त्यांनी लग्न केले. पत्नी एलिझाबेथ पॉपियस २४ वर्षांच्या होत्या. लग्नाच्या निमित्ताने राजा कार्ल योहान यांनी त्यांना बॅरन ही पदवी दिली. मूलबाळ झाले नाही. डोकेदुखीने आयुष्यभर छळले आणि पुढे प्रकृती ढासळली. प्रयोग कमी होत गेले, पण वार्षिक आढावा अखेरपर्यंत चालू राहिला. ७ ऑगस्ट १८४८ रोजी स्टॉकहोममध्ये त्यांचे निधन झाले.

आज क्लस्टरचे संशोधन कुठपर्यंत आले आहे?

पाणी तोडणारा सर्वांत जुना क्लस्टर प्रयोगशाळेत बनलेला नाही. तो प्रत्येक हिरव्या पानात आहे. मँगनीजचे चार, कॅल्शियमचा एक आणि ऑक्सिजनचे पाच अणू असलेला हा पुंजका प्रकाशसंश्लेषणात पाण्यातून ऑक्सिजन सोडतो. त्याची बारीक रचना २०११ मध्ये जपानी संशोधकांनी उलगडली. सातपुड्यातल्या मोहाचे, सागाचे किंवा आंब्याचे पान इरिडियमशिवाय हे काम करते. मात्र हा पुंजका प्रकाशात सतत बिघडतो आणि पान तो पुन्हा पुन्हा दुरुस्त करते. यंत्रात ही सोय नसते.

म्हणून पानाइतका चांगला, पण जास्त टिकाऊ क्लस्टर हवा आहे. २००८ मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे रुथेनियमचे चार अणू असलेला पॉलिऑक्सोमेटॅलेट दाखवला. २०१० मध्ये अमेरिकेच्या एमरी विद्यापीठातील क्रेग हिल यांच्या गटाने रुथेनियमच्या जागी कोबाल्टचे चार अणू बसवले. कोबाल्ट रुथेनियमपेक्षा पुष्कळ स्वस्त आणि मुबलक असल्याने त्याची बरीच चर्चा झाली.

पुढच्याच वर्षी रिचर्ड फिंके यांच्या गटाने एक शंका पुढे आणली. त्यांच्या प्रयोगाच्या स्थितीत क्लस्टरमधून थोडा कोबाल्ट सुटत होता आणि इलेक्ट्रोडवर त्याच्या ऑक्साइडचा पातळ थर बसत होता. खरे काम तो थर करत होता. नंतरच्या तपासातून दिसले की पाण्याची आम्लता, व्होल्टेज आणि प्रयोगाची पद्धत बदलली की उत्तर बदलते. आता या क्षेत्रात नव्या क्लस्टरचा दावा करणाऱ्याला तो प्रयोगाच्या शेवटीही शाबूत होता, हे दाखवावे लागते. बर्झेलियस यांच्या व्याख्येतली अटही हीच होती की उत्प्रेरक शिल्लक राहिला पाहिजे.

नंदुरबारच्या शेतकऱ्याला यातून काय?

हायड्रोजन म्हटले की गाड्या आठवतात. पुण्यात ऑगस्ट २०२२ मध्ये राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेसह सीएसआयआर आणि केपीआयटी यांनी बनवलेली हायड्रोजन बस समोर आली होती. पण देशातला हायड्रोजन मुख्यतः तेलशुद्धीकरण आणि खतासाठी लागतो. युरियासाठी अमोनिया लागतो आणि अमोनियासाठी हायड्रोजन. हा हायड्रोजन आज नैसर्गिक वायूपासून बनतो. एक किलोमागे सुमारे ९-१० किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो आणि वायूचा मोठा भाग आयात करावा लागतो. प्रयोगशाळेत पहिल्यांदा युरिया बनवणारे फ्रीडरिश वोलर हे बर्झेलियस यांचेच विद्यार्थी. १८२३-२४ मध्ये ते स्टॉकहोमच्या त्या प्रयोगशाळेत शिकले आणि १८२८ मध्ये त्यांनी तो शोध लावला.

हिशेब असा आहे. ५० लाख टन हायड्रोजनसाठी किलोमागे नऊ लिटर धरले तरी वर्षाला ४,५०० कोटी लिटर शुद्ध पाणी लागेल. किलोला ५० युनिट धरल्यास वीज २५,००० कोटी युनिट. चांगल्या उत्प्रेरकामुळे किलोमागे एकच युनिट वाचले, तरी वर्षाला ५०० कोटी युनिट वाचतील. तेवढे सौर पॅनेल आणि तेवढी जमीनही कमी लागेल.

पाणी आणि वीज कुठून आणायची, हा प्रश्न या भागाला नवा नाही. सरदार सरोवराच्या बुडितात गेलेले मणिबेली अक्कलकुवा तालुक्यातलेच. त्या प्रकल्पाच्या विजेत महाराष्ट्राचा वाटा २७ टक्के आहे. महाराष्ट्राने २०२३ मध्ये स्वतःचे हरित हायड्रोजन धोरण आणले. त्यातले प्रकल्प उभे राहतील तेव्हा पाणी, जमीन आणि वीज यांचा भार कोणावर किती पडेल, हे काही अंशी उत्प्रेरकाच्या पृष्ठभागावर वाया जाणाऱ्या अर्ध्या व्होल्टवर ठरणार आहे.